खुकरीच्या स्मारकापाशी

सुट्टीच्या शेवटच्या दिवसाला प्रवासी माणूस फारसा मान देत नाही. आधीचे सगळे दिवस देवळे, किल्ले, समुद्रस्नाने आणि खरेदी यांच्या नावे चढलेले असतात, आणि मग सामानाची बांधाबांध, हॉटेलचा हिशेब व परतीच्या गाडीची वेळ यांच्यामधून जे दोन-तीन तास शिल्लक उरतात, त्यांच्या वाट्याला पुष्कळदा एखादे स्मारक येते. दीवला जाणाऱ्या आमच्या वसई-भुईगावकडील मंडळींचा क्रम बहुधा असाच असतो : नागोआच्या किनाऱ्यावर एक दिवस, फिरंग्यांच्या किल्ल्यात एक दिवस, सेंट पॉल चर्चमध्ये प्रार्थना, फुदमजवळ गंगेश्वराच्या पाच पिंडींना भरतीच्या लाटा न्हाऊ घालतात तो देखावा, आणि सर्वांत शेवटी, सामान गाडीत चढविल्यानंतर, चक्रतीर्थाच्या टेकडीवरील ‘खुकरी’. नाताळच्या सुट्टीत आम्हीही याच क्रमाने गेलो. पण जे ठिकाण केवळ वाटेवर पडते म्हणून पाहावयाचे ठरले होते, त्याच्याविषयीच चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते, कारण आपल्या देशात विजयाची स्मारके पुष्कळ असली तरी हानीचे स्मारक क्वचितच आढळते, आणि खुकरीचे स्मारक हे निःसंशय या दुसऱ्या जातीचे आहे.

भुईगाव हे वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेथील सुरूच्या झाडांपलीकडे जो समुद्र दिसतो, त्याच्याच पैलतीरी, वायव्येस, सरळ रेषेत मोजले तर अडीचशे किलोमीटरांच्या आत, दीवचे बेट आहे. आगगाडीला मात्र खंभातच्या आखाताला वळसा घालून, सुरत, बडोदे, अहमदाबाद, राजकोट करीत वेरावळ गाठावे लागते आणि तेथून पुढे सुमारे नव्वद किलोमीटरांची सडक उरते. म्हणजे शिडाच्या जहाजांच्या काळी ही दोन ठिकाणे परस्परांना जितकी जवळची होती तितकी ती आज राहिलेली नाहीत. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढच्याच वर्षी त्यांना दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली. त्यानंतर दोनशे वर्षे या दोन्ही किल्ल्यांवर एकच निशाण फडकत होते. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत फिरंगी अमलाखालीच राहिले. त्याही आधी, १५०९ च्या फेब्रुवारीत, इजिप्तचा सुलतान, गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा सामुरी यांच्या संयुक्त आरमाराचा फ्रान्सिस्को द आल्मेदा याने पराभव केला तो याच दीवसमोर, आणि त्या एका दिवसाने अरबी समुद्राच्या व्यापाराच्या किल्ल्या परकीयांच्या हाती गेल्या. तात्पर्य, दीवच्या पाण्याला आरमारी लढाई नवी नाही. परंतु चक्रतीर्थाच्या टेकडीवर जिची आठवण जतन केली आहे ती घटना सुलतानांच्या काळातील नसून, आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या हयातीतील आहे.

टेकडी लहान आहे. तिच्या माथ्यावर काचेच्या घरात युद्धनौकेची एक प्रतिकृती ठेवलेली असून तिचे तोंड समुद्राकडे केलेले आहे. पश्चिम नौदल विभागाचे तत्कालीन सरसेनापती व्हाइस अ‍ॅडमिरल माधवेंद्र सिंग यांच्या हस्ते १५ डिसेंबर १९९९ रोजी या स्मारकाचे उद्घाटन झाले. दुपारच्या उन्हात काचेवर समुद्राचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे आतील नौका पाहावयाची तर काचेला कपाळ टेकवून, दोन्ही हातांनी डोळ्यांशी आडोसा करूनच पाहावी लागते. आणि तशी ती पाहिली म्हणजे करड्या रंगाचे चिंचोळे शरीर, मधले एकच धुराडे व डोलकाठी एवढे नजरेत भरते. आलेली बहुतेक मंडळी तेथे छायाचित्र काढून निघून जातात. पण ज्याला प्रतिकृतीमागील हकीकत ठाऊक आहे त्याचा पाय तेथून लवकर निघत नाही. ती हकीकत अशी.

भारतीय नौदलाच्या ताफ्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश बनावटीच्या तीन फ्रिगेट नौका दाखल झाल्या आणि त्यांना ‘खुकरी’, ‘कृपाण’ व ‘कुठार’ अशी शस्त्रांची नावे देण्यात आली. त्यांपैकी खुकरी ही आइल ऑफ वाइटवरील काउझ या बंदरात बांधली गेली आणि १९५८ मध्ये सेवेत रुजू झाली. सुमारे बाराशे टनांच्या या नौकांचे मुख्य काम एकच, पाण्याखाली दडलेली पाणबुडी हुडकून तिचा नाश करणे. १९७१च्या डिसेंबरात युद्धास तोंड फुटले तेव्हा खुकरीचे नेतृत्व कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्याकडे होते. आडनावावरून वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे म्हणून सांगितले पाहिजे की ते काश्मिरी पंडित घराण्यातले; जन्म गोरखपूरचा, १५ मे १९२६चा. म्हणजे त्या डिसेंबरात त्यांचे वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.

त्या युद्धात नौदलाने जो पराक्रम गाजविला तो सर्वांना ठाऊक आहे. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्रवाहू लहान नौकांनी कराचीवर हल्ला चढविला. तोच दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. ८ डिसेंबरच्या रात्री दुसरा हल्ला झाला आणि कराची बंदरातील तेलाच्या टाक्या पेटल्या. इकडे मुंबईत व आसपास दिवे मालवण्याचे हुकूम होते, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटविलेले होते, आणि त्या काळोखात रेडिओभोवती जमलेली माणसे या बातम्या मोठ्या अभिमानाने ऐकत होती. पण समुद्रावरील युद्धाचे चित्र त्याच वेळी दुसऱ्या बाजूने पालटत होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शत्रूच्या पाणबुडीचा वावर आहे असे तिच्या बिनतारी संदेशांवरून नौदलाला समजले, आणि तिचा माग काढण्यासाठी मुंबईहून खुकरी व कृपाण यांची रवानगी करण्यात आली. त्या पाणबुडीचे नाव ‘हंगोर’, आणि तिचे कप्तान होते कमांडर अहमद तस्नीम.

येथे सामान्य वाचकासाठी थोडे तंत्र समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून पुढील घटनेतील कारुण्य ध्यानात येणार नाही. पाण्यात प्रकाश फार लांब जात नाही, ध्वनी मात्र दूरवर जातो. म्हणून पाण्याखालची वस्तू शोधावयाची ती कानाने. नौकेच्या तळाशी बसविलेले सोनार नावाचे यंत्र ध्वनीचा ठोका पाण्यात सोडते, तो एखाद्या घन वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. तथापि समुद्राचे पाणी सर्वत्र सारख्या तपमानाचे नसते. उष्ण व थंड पाण्याच्या थरांमधून जाताना ध्वनी वाकतो, आणि पाणबुडी अशा थराखाली गेली म्हणजे वरच्या नौकेला ती ऐकू येईनाशी होते. त्यातच नौकेचा वेग वाढला की तिच्या स्वतःच्या यंत्रांचा व कापल्या जाणाऱ्या पाण्याचा गोंगाट वाढून परत येणारा प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. ऐकावयाचे तर सावकाश चालले पाहिजे, आणि सावकाश चालणारी नौका तर पाणबुडीला आयते सावज ठरते. हा पेच पाणबुडीशी लढणाऱ्या प्रत्येक कप्तानापुढे उभा असतो. खुकरीचे सोनार जुन्या घडणीचे व आखूड पल्ल्याचे होते. हंगोर ही फ्रेंच बनावटीची दाफ्ने जातीची पाणबुडी नुकतीच सेवेत आलेली असून तिचे कान कितीतरी तीक्ष्ण होते. सोनारची श्रवणशक्ती वाढविण्याचा एक प्रयोग त्या मोहिमेत खुकरीवर चालू होता व त्यासाठी तिचा वेग कमी ठेवण्यात आला होता, असे नंतरच्या लेखनात नमूद आहे. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी नौदलाच्या जाणकारांत मतभेद आहेत. एवढे खरे, की शिकाऱ्याला सावज दिसण्यापूर्वी सावजाने शिकाऱ्याला हेरले होते.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, हंगोरने सोडलेला पाणतीर खुकरीवर आदळला. त्याआधी सोडलेला एक पाणतीर वाया गेला होता. स्फोट असा झाला की नौका दोन-तीन मिनिटांतच पाण्याखाली गेली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण तिच्याबरोबर गेले. ६७ जण वाचले. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय नौदलाने युद्धात गमावलेली ही पहिली नौका, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याचा जगातील हा पहिला प्रसंग. त्यानंतर असा प्रसंग घडला तो थेट १९८२ मध्ये, फॉकलंडच्या युद्धात, जेव्हा ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ ही क्रूझर बुडविली व ३२३ माणसे प्राणांस मुकली.

दोन मिनिटे म्हणजे किती, हे आम्हाला त्या काचेपाशी समजले ते आमच्या एका मामांमुळे. वसईच्या किनारपट्टीवरील कित्येक घरांप्रमाणे आमच्याही घरातील माणसे बोटीवर नोकरी करीत आली आहेत, आणि या मामांचे सारे आयुष्य व्यापारी बोटींच्या इंजिनखात्यात गेलेले. बरोबरची मुले काचेतून तोफा मोजीत होती तेव्हा ते म्हणाले, “तोफा कसल्या मोजता रे? खाली इंजिनात होता त्याचा जिना कुठून वर येतो ते बघा आधी.” मग त्यांनी समजावून सांगितले, की इंजिनखान्यातील माणूस पाण्याच्या पातळीच्या खाली असतो, त्याला वर यावयाचे तर लोखंडी उभे जिने, अरुंद दारे आणि झाकणे ओलांडावी लागतात, दिवे असताना, नौका सरळ असताना, ओळखीच्या वाटेने धडधाकट माणसाला त्यासाठी जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ त्या रात्री साऱ्या नौकेला मिळाला होता, आणि तोही काळोखात, कललेल्या नौकेत. प्रतिकृतीवर ते जिने दिसत नाहीत. पण वाचलेल्यांचा आकडा ६७ वर का थांबला, याचे उत्तर त्या न दिसणाऱ्या जिन्यांत आहे.

कॅप्टन मुल्ला यांचा शेवट वाचलेल्या माणसांनी सांगितला म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे. नौका सोडण्याचा हुकूम देऊन त्यांनी जवळच्या माणसांना पाण्यात उडी घेण्यास भाग पाडले, स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला देऊन टाकले, आणि स्वतः मात्र नौकेवरून हलले नाहीत. मरणोत्तर महावीरचक्र देऊन देशाने त्यांचा गौरव केला. कप्तानाने नौकेबरोबर बुडावे असा कोणताही कायदा नाही. सर्वांना वाचविल्याशिवाय स्वतः सुटू नये, एवढीच दर्यावर्दी लोकांची परंपरा आहे, आणि मुल्ला यांच्या नौकेवर तर बहुसंख्य माणसे अजून खालीच अडकलेली होती. त्यांच्या आचरणाचा अर्थ या एका वस्तुस्थितीत सामावलेला आहे. त्यात वीरश्रीचा भाग आहेच, पण त्याहून मोठा भाग उत्तरदायित्वाचा आहे.

याच ठिकाणी कृपाणचाही विचार मनात येतो, आणि तो अधिक कठीण आहे. सोबतची नौका डोळ्यांदेखत बुडाली, माणसे पाण्यात आहेत, आणि शत्रूची पाणबुडी तेथेच कुठेतरी आहे. अशा वेळी थांबावे की निघून जावे? कृपाणवरही पाणतीर सोडला गेला; ती त्या वेळी तेथून दूर गेली, आणि पुढे ‘कदमत्त’ या नौकेसह परत आल्यानंतर दुसऱ्या दिवशी जिवंत राहिलेल्यांना पाण्यातून उचलण्यात आले. घरी बसून या निर्णयास कठोर म्हणणे सोपे आहे. परंतु २२ सप्टेंबर १९१४ रोजी उत्तर समुद्रात ‘अबुकिर’ ही ब्रिटिश क्रूझर एका जर्मन पाणबुडीने बुडविली तेव्हा तिच्या माणसांना वाचविण्यासाठी ‘हॉग’ थांबली व बुडाली, आणि मग ‘क्रेसी’ थांबली व तीही बुडाली. सुमारे दीड तासात तीन नौका आणि चौदाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसापासून जगातील नौदलांनी जो धडा गिरविला, तो असा की पाणबुडीच्या टापूत थांबणारी नौका बुडालेल्यांच्या संख्येत केवळ भर घालते. बुडत्याला सोडून जाण्याचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे आयुष्यभर कोणते ओझे वाहावे लागत असेल, याचा विचार मात्र कोणत्याही युद्धशास्त्राच्या पुस्तकात केलेला आढळत नाही.

भूमीवरील लढाईला मैदान असते. पानिपतावर जाऊन उभे राहता येते. वसईच्या तटापाशी जाऊन मराठी फौजांनी सुरुंग कोठे लावले असतील याचा अदमास घेता येतो. समुद्र मात्र लढाईची कोणतीही खूण मागे ठेवीत नाही. चक्रतीर्थाच्या टेकडीएवढ्या उंचीवरून दिसणारे क्षितिज पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडे जात नाही, आणि खुकरी बुडाली ती जागा त्याच्या तिपटी-चौपटीने दूर आहे. म्हणजे स्मारकाजवळ उभे राहून आपण ज्या पाण्याकडे पाहतो, ते ते पाणी नव्हेच. आमच्या वसईत दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, चर्चच्या आवारातील दफनभूमी फुलांनी व मेणबत्त्यांनी भरून जाते. प्रत्येक कुटुंब आपापल्या माणसाच्या थडग्यापाशी उभे राहते. ज्याचे माणूस समुद्रात गेले त्याने कोठे उभे राहावे? हाच प्रश्न साऱ्या दर्यावर्दी राष्ट्रांना पडलेला आहे, आणि नौदलाची स्मारके हे त्याचे उत्तर होय. इंग्लंडात पोर्ट्समथ, प्लिमथ व चॅटम येथे पहिल्या महायुद्धानंतर उभारलेले तीन एकसारखे स्तंभ आहेत. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी समाधी नाही अशा नौसैनिकांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. जर्मनीत कीलजवळ लाबो येथे एक उंच मनोरा असून त्याच्या पायथ्याशी दुसऱ्या महायुद्धातील एक पाणबुडी वाळूवर ठेवलेली आहे.

आणि असे एक स्मारक आपल्या मुंबईतही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रावर मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक जणांची स्मृतीही मुंबई व चित्तगाव येथे जतन केलेली आहे. त्यांत नौदलाचे सैनिक थोडे; बहुसंख्य लोक व्यापारी बोटींवरचे, कोळसा ओढणारे, भट्टी पेटविणारे, भांडी घासणारे. अशा कामांसाठी कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून, माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस येऊन बोटीवर चढत आली. त्यांनी बंदूक हाती धरली नव्हती, तरी पाणतीराने भेद केला नाही.

खुकरीची कथा बुडण्यापाशी संपली नाही. माझगाव गोदीत त्याच नावाची नवी क्षेपणास्त्रवाहू नौका बांधली गेली, १९८९ मध्ये सेवेत रुजू झाली, बत्तीस वर्षे राबली आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली. पुढच्याच महिन्यात, प्रजासत्ताकदिनी, ती दीवच्या प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आली, आणि आज तिचेच संग्रहालय झालेले आहे. तिकडे हंगोरही कराचीच्या सागरी संग्रहालयात जतन केलेली आहे. बुडविणारी पाणबुडी एका किनाऱ्यावर आणि बुडालेलीच्या नावाची वारसदार दुसऱ्या किनाऱ्यावर, अशा दोन्ही आता शाळेच्या मुलांना दाखविल्या जातात. मूळची खुकरी तेवढी कोणालाही पाहता येत नाही.

१९७१च्या विजयाचे स्मारक विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर १९९६ मध्ये उभे राहिले. खुकरीला दीवच्या टेकडीवर जागा मिळण्यास घटनेनंतर अठ्ठावीस वर्षे जावी लागली. विलंब झाला, परंतु अखेर जे उभारले गेले ते प्रामाणिकपणे उभारले गेले. ज्या युद्धात आपण निर्विवाद जिंकलो त्याच युद्धातील आपल्या मोठ्या हानीची आठवण तेथे उघडपणे ठेवलेली आहे. तिला विजयाचा मुलामा दिलेला नाही. जे राष्ट्र आपल्या पराजयाकडेही सरळ पाहू शकते तेच त्यापासून काही शिकू शकते, आणि सोनार, वेग व डावपेच यांविषयी नौदलाने त्या रात्रीपासून जे धडे घेतले त्यांची किंमत त्या १९४ जणांनी मोजलेली आहे.

किनारपट्टीवरील वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. मस्जिद बंदर येथील स्मारकावर ज्यांची स्मृती जतन केली आहे त्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या दप्तरात असून ती महाजालावर कोणालाही नावानिशी धुंडाळता येते. वसई, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथील गावांत ‘आमचे पणजोबा बोटीवर गेले ते परत आले नाहीत’ एवढेच ज्यांच्या घरी सांगितले जाते, त्यांनी ती नोंद एकदा अवश्य पाहावी. नाव सापडल्यास ते कुटुंबाच्या, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी लिहून ठेवावे, आणि ज्या बोटीवर ते गेले तिचे नावही त्याशेजारी लिहावे.